लाकडी शेड उभी करायची तर हात सहा जणांचे, आवाज एकाचा

'दोघं मिळून दिवसभरात शेड उभी होते' असं सांगणाऱ्यानं कधी चौकट उचलली असेल असं वाटत नाही. दहा बाय बाराच्या शेडला सहा माणसं बोलवा, आणि तीही थंडीत. मे महिन्यात नागपुरात दुपारी बोल्टला हात लावला तर चटका बसतो.

सागवान लकडगंजातून, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारातून घ्या, वाळलेलंच. खांब काळ्या मातीत गाडू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलवते. वाळवी लागते ती वेगळीच. मुरूम लागेपर्यंत खणा, काँक्रीटचा पाया वीतभर वर काढा आणि त्यात खांबासाठी लोखंडी क्लॅम्प बसवा. काटकोन 3-4-5 नं तपासा: कोपऱ्यापासून एका बाजूवर 3 फूट, दुसरीवर 4, त्या दोन खुणांमधलं अंतर 5 यायला हवं.

बारा फुटी बाजूची चौकट जमिनीवर आडवीच जोडा: तीन खांब, माथ्यावर तुळई, कोपऱ्यांत तिरपे आधार. कर्ण मोजा. दोन्ही सारखे येईपर्यंत बोल्ट पक्के आवळू नका, नाहीतर वर पत्र्यांची कड पायऱ्यांसारखी दिसेल.

आता उचलणं. इथेच माणसं जखमी होतात.

सागवान घनफुटाला 18 ते 20 किलो भरतं, म्हणजे चार इंची खांबांची ही चौकट 90 किलोच्या आसपास जाते. सहा जणांना ते काही फार नाही. गोची वजनाची नसतेच, ती असते पकड बदलण्याची. छातीपर्यंत चौकट आरामात येते. तिथून पुढे ओढणं संपतं आणि ढकलणं सुरू होतं. नेमका तेव्हाच कोणीतरी हात सोडतो. म्हणून दोघांच्या हाती आधीच दुबेळक्याचे बांबू द्या, छातीच्या वर गेली की टेकू त्यांचा. खांबांच्या बुडाशी खुंटे ठोका, नाहीतर चौकट सरकते. आणि तुळईला दोन दोर बांधून ते धरायला उचलणाऱ्यांच्या पाठीमागे एक माणूस उभा करा, कारण सरळ झालेली चौकट तिथेच थांबत नाही, पलीकडे जाते.

हुकूम एकानंच द्यायचा. 'उचला', 'थांबा', 'टेकू', एवढंच. 'अबे, थोडं डावीकडे' म्हणणाऱ्या काकांना खुर्ची आणि चहा द्या.

उभी झाली की लगेच ओळंबा, खांबाच्या दोन बाजूंनी. ओळंब्याची दोरी वाऱ्यानं डुलत असेल तर तिच्या टोकाचा लंबक पाण्याच्या बादलीत सोडा, शांत होतो. मग दोन्ही दिशांना तिरप्या पट्ट्या ठोका, खालचं टोक खुंट्याला. पट्ट्या पक्क्या होईपर्यंत एकालाही हात सोडू देऊ नका, फोन वाजला तरी. एकट्या उभ्या चौकटीला वाऱ्याची एक झुळूक पुरते.

दुसरी बाजू तशीच. मग आडव्या तुळया, वासे, रीपा. पत्र्याचे स्क्रू नळीच्या उंचवट्यावर मारा, खोलगटात मारले तर गळतं.

सकाळी तर्री-पोहे चालतील. सावजी मात्र शेवटचा पत्रा लागल्यावरच. आधी वाढलं तर वर चढायला कोणी तयार होत नाही.

तिरप्या पट्ट्या छत पूर्ण होईपर्यंत काढू नका. पुढच्या मे महिन्यात सगळे बोल्ट पुन्हा आवळा, लाकूड आक्रसून ते सैल झालेले असतात.