अर्ध्या तासाच्या रेडिओ मुलाखतीची तयारी

बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात स्थानिक रेडिओसाठी मराठीतून मुलाखत घ्यायची असेल, तर तयारी किमान आठवडाभर आधी सुरू करा. पहिल्यांदा हे बघा की आपण कोणत्या केंद्रासाठी बोलणार आहोत. आकाशवाणी धारवाड १९५० पासून आहे, बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचं वेणुध्वनी ९०.४ हे सामुदायिक केंद्र आहे, आणि दोन्हींकडचे नियम वेगळे. सामुदायिक केंद्राला स्वतः गोळा केलेली बातमी देता येत नाही. बातम्या आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा किंवा भाषांतर करून. मात्र हवामान, वाहतूक, वीज-पाणी, परीक्षा, यात्रा-जत्रा यांची माहिती बातमीत धरली जात नाही, आणि लोकांना रोज लागतं ते बहुतेक त्यातच येतं. अशा केंद्राला साधारणपणे १०० वॅटपर्यंतच प्रसारणाची परवानगी असते. म्हणजे आवाज शहर आणि भोवतालच्या गावांपुरता, आणि ऐकणाऱ्याला तुम्ही सांगता तो रस्ता, तो ओढा, तो पाऊस ठाऊक असतो. गावाचं नाव चुकलं की पुढचं कुणी खरं मानत नाही. म्हणून टिपणातलं प्रत्येक गाव, वाडी, नदी त्या भागातल्या माणसाकडून एकदा उच्चारून घ्याच.

आकड्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. समजा विषय पाण्याचा आहे. मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात अडते, हे सांगायला सोपं. पण म्हादई नदीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, त्यातलं ८.०२ वीजनिर्मितीसाठी, हे वाक्य कानावरून नुसतं निघून जातं. छापलेलं परत वाचता येतं, रेडिओवर ती सोय नाही. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर, हेही पुरत नाही. माणशी दिवसाला १०० लिटर धरले तर एका टीएमसीत पावणेआठ लाख लोकांचं वर्ष निघतं, असं सांगा. हा हिशोब घरी बसून करा, माइकसमोर नको. म्हादईचं पाणी कणकुंबीकडून मलप्रभेत वळवून धारवाडकडे न्यायची योजना आहे. तेव्हा धारवाडकडच्या तहानेबद्दल विचारणार असाल, तर कणकुंबीच्या जंगलाबद्दलचा प्रश्नही लिहून ठेवा. एकाच बाजूचे प्रश्न घेऊन गेलात तर ती मुलाखत होत नाही.

विज्ञानाचा विषय लांबून आणायची गरज नाही. खानापूरच्या भीमगड अभयारण्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली, आणि जगात ते फक्त इथेच आहे असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. यावर प्राध्यापकांना जरूर बोलवा, पण त्यांच्याबरोबर त्या जंगलात हयात घालवलेला वनरक्षक किंवा गावातलं एखादं जाणतं माणूस हवंच. वटवाघूळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चिकू-पेरू खाणारं येतं, आणि आता रोगाची भीतीही येते. हे कीटक खाणारं आहे, हा खुलासा पहिल्या पाच मिनिटांत यायला हवा. मग गुहेत गडबड केली तर काय होतं, पिल्लं कधी होतात, हे प्रश्न.

पाहुण्यांना आधी एकदा घरी जाऊन भेटा. तिथे सगळा विषय बोलून संपवू नका, नाहीतर रेकॉर्डिंगला ते "मघाशी सांगितलं तसं" म्हणतात आणि गोष्टीतला जीव जातो. काका, मावशी, गुरुजी, ज्या नावाने गाव हाक मारतं त्याच नावाने बोला. त्यांचं "हाय की", "न्हवं" सुधारायला अजिबात जाऊ नका. आपली बोली रेडिओवर ऐकू येणं हे या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मध्येच कन्नड आलं तर येऊ द्या, पुढच्या प्रश्नात त्याचा मराठी आशय गुंफा. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. वटवाघळांवर बोलायला आलेल्या माणसाला त्यावर मत विचारणं अन्यायाचं आहे.

कुमार गंधर्वांसारखा विषय असेल (जन्म १९२४, आपल्या बेळगावजवळचं सुळेभावी) तर गाणं वाजवायची परवानगी केंद्राकडे आहे का, हे आधी विचारा. नसेल तर गायकाला बोलवून चार ओळी समोर गाऊन घ्या.

रेकॉर्डिंगच्या दिवशी पंखा बंद, मोबाइल पूर्ण बंद, बांगड्या काढून ठेवलेल्या. टिपणं जाड कागदावर आणि सुटी, म्हणजे पान उलटल्याचा आवाज येत नाही. माइक तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका, नाहीतर प, फ, भ फुटतात. जुलैत पत्र्याच्या छपराखाली बसायची वेळ आली तर कुणीही न बोलता मिनिटभर नुसता पाऊस रेकॉर्ड करा. संपादनात जोड लपवायला तोच लागतो. आवाजाची पातळी बघताना "हॅलो हॅलो" नको, सकाळी काय खाल्लं ते विचारा, माणूस त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलतो.

प्रसारणाचा वार आणि वेळ पाहुण्यांच्या गावात दूध डेअरीच्या फळ्यावर लिहून या, आणि कार्यक्रम झाल्यावर त्यांना ध्वनिफीत मोबाइलवर पाठवा.