या चुका टाळा: स्पिल किट भिंतीला टांगलं म्हणजे तयारी झाली असं नाही

एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये स्पिल किट, म्हणजे सांडलेलं तेल-रसायन शोषायचे पॅड आणि इतर साहित्य, बहुतेक वेळा ऑडिटच्या तोंडावर येतं. परचेसवाला कोटेशन मागवतो, स्वस्तातलं उचलतो, किट भिंतीला टांगलं जातं. आपल्याकडे नेमकं काय सांडू शकतं आणि या किटचा त्यावर उपयोग आहे का, हा प्रश्न राहूनच जातो. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

सगळ्यात घातक चूक भुशाची. तेल सांडलं की भुसा किंवा कॉटन वेस्ट टाकायची हाताला सवय असते, आणि तेलापुरतं ते चालतंही. तोच हात उद्या नायट्रिक ॲसिडवर भुसा टाकतो. नायट्रिकमुळे भुसा, चिंध्या, पुठ्ठा पेट घेऊ शकतात आणि लालसर तपकिरी धूर निघतो. हा धूर फसवा असतो. त्या वेळी थोडा खोकला येतो, माणूस बरा वाटतो म्हणून घरी जातो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरून दम लागायला लागतो. म्हणून धूर छातीत गेलेल्या कामगाराला, तो कितीही ‘काही नाही झालं’ म्हणाला तरी, थेट दवाखान्यात न्या. नायट्रिकसाठी कोरडी वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (हलकं, शोषक खनिज) ठेवा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरत असाल तर मात्र वाळूही नको, कारण वाळूशी त्याची प्रक्रिया होऊन विषारी वायू निघतो. तिथे त्या ॲसिडसाठीचंच शोषक लागतं, आणि प्रथमोपचार पेटीत कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हवंच.

‘ॲसिडवर कॉस्टिक टाकलं की झालं’ हाही असाच गैरसमज. तीव्र ॲसिडवर कॉस्टिक सोड्याचे फ्लेक्स टाकले तर इतकी उष्णता निर्माण होते की मिश्रण उसळून अंगावर येतं. आधी कडेने वाळूचा बांध घाला, मग सोडा ॲश (धुण्याचा सोडा) कडेकडून थोडा थोडा टाका. फेस येतो, वायू निघतो, म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

पॅड टाकले तरी ॲसिड जमिनीवर तसंच? मग ते पांढरे, फक्त तेलाचे पॅड असणार. ते पाणी पीतच नाहीत, त्यामुळे पाण्यासारखी रसायनंही पीत नाहीत. किट आल्या दिवशी पॅडचा तुकडा वाटीभर पाण्यात टाकून पाहा. कोरडाच तरंगत राहिला तर तो तेलासाठीच. पाणी प्यायला म्हणजे तुमच्या ॲसिडला चालेल असं मात्र नाही, ते पुरवठादाराकडून लेखी घ्या.

मापही बघा. ड्रम 200 लिटरचा आणि किट 20 लिटर शोषणारं, हे गणित जमत नाही. ड्रमखाली ट्रे किंवा भोवती कट्टा असावा. त्यात सगळ्यात मोठ्या ड्रमच्या 110 टक्के माल मावला पाहिजे. गटाराचं तोंड झाकायची मॅट किटमध्ये नसेल तर वेगळी घ्या. पावसाळ्यात सांडलेला माल नाल्यापर्यंत जायला वेळ लागत नाही.

हातमोज्यांचं दुखणं वेगळं. निळे नायट्राइल मोजे तेल-डिझेलला उत्तम, पण ॲसिटोन त्यातून काही मिनिटांत आरपार जातं. ॲसिटोनला ब्युटाइल रबर लागतं. टोल्युइनला पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) चालतं, पण पाण्याने तेच खराब होतं. रसायनाच्या सेफ्टी डेटा शीटचा (पुरवठादार देतो ते सुरक्षा माहितीपत्रक) आठवा भाग आणि मोजे बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता शेजारी ठेवूनच ऑर्डर द्या. मास्कचंही तेच. एन-95 धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. ॲसिडच्या वाफेला वेगळं कार्ट्रिज (मास्कला लावायची फिल्टरची डबी), सॉल्व्हंटला वेगळं. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट चिकटत नाही. आणि टाकीत उतरताना कोणतंही कार्ट्रिज ऑक्सिजन तयार करत नाही.

किट ड्रमना चिकटून ठेवू नका, सांडलेलं तुडवून ते आणावं लागेल. दारापाशी ठेवा आणि कुलूप नको. चावी जनरल शिफ्टच्या स्टोअरकीपरकडे असेल तर रात्रपाळीने काय करायचं? रोजच्या गळतीसाठी पॅड चोरीला जातात ही तक्रार खरी आहे, पण त्यावर उपाय तुटणारं प्लास्टिक सील. रोजच्या कामाला पॅड वेगळे द्या.

आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा फवारा, दहा सेकंदांच्या अंतरावर हवा आणि सलग पंधरा मिनिटं पाणी यायला हवं. आठवड्यातून एकदा तो चालवून बघा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी डोळ्याला सोसवत नाही इतकं तापतं, त्यामुळे पाइपवर सावली करा.

शेवटी, भिजलेले पॅड आणि वाळू घंटागाडीत किंवा भंगारवाल्याला देऊ नका. शोषलं म्हणून रसायन संपत नाही. 2016 च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे. झाकणाच्या ड्रममध्ये भरा, रसायनाचं नाव आणि तारीख लिहा आणि 90 दिवसांच्या आत अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवा. नायट्रिकचा आणि सॉल्व्हंटचा कचरा एका ड्रममध्ये भरू नका.