सुपरमार्केटमधली समर इंटर्नशिप: रिपोर्टची बेगमी वहीतून

एमबीएची दोन महिन्यांची इंटर्नशिप मोठ्या सुपरमार्केट कंपनीत मिळाली की निम्मे दिवस ट्रॉल्या सरकवण्यात जातात आणि शेवटी रिपोर्टमध्ये काय लिहायचं हा प्रश्न पडतो. माझे पहिले दोन आठवडे असेच गेले. मग हे सुरू केलं:

१. एकच रॅक निवडा. मी बिस्किटांचा घेतला होता.

२. रोज सकाळी ११ आणि संध्याकाळी ७ वाजता तिथल्या रिकाम्या जागा वहीत टिपा. नाव लिहीत बसू नका, पाचचा आणि दहाचा पुडा एकाच नावाचा असतो. रॅकवरच्या लेबलच्या बारकोडचे शेवटचे ५ आकडे लिहा. (सुरुवातीचे ८९० आपल्याकडच्या बहुतेक मालावर असतात, त्यावरून काही कळत नाही.)

३. सुपरवायझरना विचारून त्या मालाचा सिस्टिममधला स्टॉक बघा. सिस्टिम म्हणते २४ नग आणि रॅकवर शून्य, अशा ओळीला गोल करा. मग माल शोधा. माझे पुडे बहुतेक वेळा मागे गोडाऊनमध्ये, न फोडलेल्या खोक्यात सापडायचे. एकदा तर चक्क साबणांच्या मागे! माल रॅकवर का नव्हता, ते त्या ओळीसमोरच लिहून ठेवा.

शनिवार-रविवार आणि पगारानंतरचा पहिला आठवडा चुकवू नका. सुट्टी मंगळवारी घ्या.

एक मात्र सांभाळा: रॅकचे फोटो परस्पर काढू नका आणि स्टॉकचे आकडे कॉलेजच्या रिपोर्टमध्ये टाकण्याआधी मॅनेजरची लेखी परवानगी घ्या.