कृष्णधवल फोटोत भगवा आणि हिरवा एकाच राखाडीत मिसळत होते: माझा अनुभव

आषाढातला फोटो. हिरव्यागार शेताच्या बांधावर भगवी पताका घेतलेले वारकरी. रंगीत फोटोत पताका उठून दिसते, पण कृष्णधवल केला की ती शेतातच विरघळते. सगळं एकसारखं राखाडी.

गिम्प 2.10 या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी डीसॅच्युरेट केलं, म्हणजे रंग काढून टाकले, मग कॉन्ट्रास्ट वाढवला, मग कर्व्ह्ज (उजेड-अंधार कमीजास्त करणारी रेघ) ओढले. धोतरांचा पांढरा जळाला, पताका तशीच. दोन संध्याकाळी यात गेल्या.

चूक क्रमाची होती. डीसॅच्युरेटच्या ल्युमिनन्स पद्धतीत राखाडीचा उजेड ठरवताना हिरव्याचा वाटा सुमारे 72% आणि लालचा सुमारे 22%. या हिशोबात माझा भगवा आणि हिरवा एकाच उजेडाचे ठरले. एकदा एक झालेले टोन कर्व्ह्ज वेगळे करू शकत नाही.

म्हणून मूळ रंगीत फाइल पुन्हा उघडली. इमेज > प्रिसिजनमध्ये 16 बिट निवडलं (टोनच्या जास्त पायऱ्या मिळतात) आणि लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, प्रत केली. प्रतीवर कलर्स > कंपोनंट्स > मोनो मिक्सर (कृष्णधवलमध्ये कोणत्या रंगाचा वाटा किती हे ठरवणारं साधन): लाल 0.75, हिरवा 0.25, निळा 0. बेरीज 1 ठेवली, म्हणजे एकूण उजेड फारसा हलत नाही. पताका लगेच उजळली, शेत गडद झालं. कर्व्ह्ज त्यानंतर, तोही अगदी हलका.

चेहरे मात्र लालमुळे सपाट झाले. तिथे लेयर मास्क (थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारा पडदा) लावून लाल 0.4, हिरवा 0.5, निळा 0.1 वाली दुसरी प्रत दाखवली. निळा यापेक्षा वाढवू नका, जेपेगमध्ये सगळ्यात जास्त दाणे तिथेच असतात.