पाड्याचा इतिहास-भूगोल लिहायचा तर: खानदेशापुरती वाट

तीस-चाळीस घरांच्या पाड्यावर लिहायला बसलं की पहिली अडचण हीच, की कागदावर तो पाडा नसतो. कागद असतात महसुली गावाच्या नावाने. अक्राणी, अक्कलकुवा, साक्री, शिरपूर या तालुक्यांत एकाच गावाचे पाडे नाल्या-टेकड्यांपलीकडे विखुरलेले दिसतात. त्यामुळे पाडा कोणाच्या शिवारात येतो, हे आधी पक्कं करा. त्यासाठी तलाठ्याकडून (हल्ली ग्राम महसूल अधिकारी) गट नंबर घ्या आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. नकाशावर घरं नसतील, पण नाले, वाटा, शेजारच्या गावांच्या हद्दी असतात. त्या धरून पाड्याची जागा खुणावता येते.

एका नावाची गावं खानदेशात ढिगाने. पिंप्री, वडगाव, सावखेडा प्रत्येक तालुक्यात भेटतील. बुद्रुक-खुर्द गाळू नका. नावामागचं ‘प्र.’ म्हणजे प्रगणे, ‘त.’ म्हणजे तर्फ. तेही जसंच्या तसं ठेवा, कारण जुन्या दप्तरात गाव त्याच खुणेने सापडतं. दप्तर शोधताना जिल्ह्याचं त्या काळचं नाव लागतं. 1906 साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, 1960 साली पूर्वचा जळगाव आणि पश्चिमचा धुळे झाला, 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. अक्राणीतल्या पाड्याचा 1930 चा कागद हवा असेल, तर तो ‘पश्चिम खानदेश’ या नावाखालीच मागावा लागेल.

जमिनीच्या कागदांत सर्वांत जास्त इतिहास फेरफारात असतो. सातबारा फक्त आजची स्थिती सांगतो; जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, वारस कोण, सावकाराचा बोजा कधी चढला, हे गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत मिळतं. सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकापासून उलट मागे जा. गट पडण्याआधीची नोंद सर्व्हे नंबरावर असते, म्हणून जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांची जुळणी आधी करून घ्या. क्षेत्र वाचताना नेहमी होणारी चूक म्हणजे जुना ‘2-20’ आकडा दशांश समजणं. तो 2 एकर 20 गुंठे, म्हणजे अडीच एकर आहे, कारण 40 गुंठ्यांचा एक एकर. नव्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं. हेक्टर म्हणजे साधारण 2.47 एकर. पूर्वी वनगाव (वन खात्याच्या ताब्यातलं गाव) असलेल्या पाड्यांचे जुने सातबारे बहुधा मिळत नाहीत. तिथे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या दाव्यांची फाइल पाहा. तिच्यात वडीलधाऱ्यांचे जबाब आणि कसलेल्या जमिनीचे नकाशे असतात.

लोकसंख्येबाबत सावध राहा. जनगणना पुस्तिकेतला आकडा सगळ्या महसुली गावाचा असतो, आणि तो पाड्याच्या माथी मारलेला हमखास दिसतो. पाड्याची घरं मोजायची तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टी आकारणीची नोंदवही) आणि अंगणवाडीची कुटुंब नोंदवही पडताळा आणि आकड्यापुढे वर्ष लिहा.

भूगोलाची सुरुवात पाण्यापासून करा. पाड्याजवळचा नाला कुठल्या नदीला, ती कुठल्या मोठ्या नदीला मिळते, हे पायी चालून लिहा. अक्राणीत हे फार महत्त्वाचं. तिथलं काही पाणी उदईवाटे उत्तरेला नर्मदेत जातं, काही गोमाईवाटे दक्षिणेला तापीत. दोन शेजारचे पाडे दोन खोऱ्यांत असू शकतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा जवळ ठेवा. त्यावर 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. जुन्या क्रमांकांप्रमाणे शहादा-शिरपूर 46 के मध्ये, धुळे 46 एल मध्ये, चोपडा-यावल 46 ओ मध्ये आणि रावेर शहर 55 सी मध्ये येतं.

मग जमीन. चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-वाळूचा जाड थर आहे. डोंगरातून आलेले नाले तिथे जिरतात, म्हणून नाला कोरडा दिसला तरी ‘पाणी नाही’ असं लिहू नका. तापीकाठी खोल गाळाची माती आणि पावसाने कापलेल्या घळी. धुळे-नंदुरबारकडे काळ्या खडकाच्या लांबलचक रांगा भिंतीसारख्या उभ्या दिसतात. हे बेसाल्टात घुसलेले डाइक. डाइक घट्ट असला तर वरच्या अंगाला पाणी अडतं, फुटका असला तर त्याच्याच भेगांतून वाहतं. म्हणून रांगेच्या दोन्ही बाजूंच्या विहिरी मोजा. मोजणी पहाटे, मोटर सुरू व्हायच्या आधी करा, नाहीतर उपशामुळे खाली गेलेली पातळी लिहिली जाईल. कठड्याची उंची वजा करा. एक मोजणी दिवाळीनंतर आणि एक मे अखेरीस, दोन्ही हव्यात. पांझराकाठचं गाव असेल, तर फडाचा बंधारा, पाट आणि त्यावरचे फड (पाटाच्या पाण्यावर पाळीने भिजणारे शेतांचे गट) नकाशावर काढा आणि पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारा) कोण ते विचारा. पाण्याची पाळी कशी ठरते, हे त्याच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका. “आठे पहिले कोन उना?” (इथे आधी कोण आलं?) असं अहिराणीत विचारा आणि ती गोष्ट मोठ्या घटनेला बांधा. ‘छप्पन्या’ म्हणजे विक्रम संवत 1956 चा दुष्काळ, इसवी सन 1899–1900. ‘मानमोडी’ ही 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. त्यानंतर बहात्तरचा दुष्काळ. नर्मदाकाठी सरदार सरोवराचं पाणी चढलं, ते मणिबेली गावापासून. आजोबा छप्पन्यात कडेवर होते की नांगर धरत होते, एवढ्यावरून पिढी जुळते. तीन घरी वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं की सगळे मोठ्या आवाजाच्या माणसाचंच सांगणं धरतात. पावरी-भिलोरी बोलणाऱ्या पाड्यावर दुभाष्या त्याच पाड्याचा घ्या आणि बायकांना स्वतंत्र भेटा. झरे, कंद, जुन्या वाटा यांची नावं त्यांच्याकडे जास्त असतात. इसवी सन काढायला, दाखल्यात शक असेल तर 78 मिळवा (जानेवारी ते मार्चच्या नोंदीला 79), फसली (जुनं महसुली साल) असेल तर 590 मिळवा (जानेवारी ते मेच्या नोंदीला 591).

गाव मोडीत निघालेलं असेल, तर शिवारात पांढरीची (जुन्या वस्तीच्या जागेची) राखट माती आणि खापऱ्या शोधा. सापडल्या तर फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश लिहा, उकरू मात्र नका. तापीकाठच्या प्रकाशा आणि सावळद्याला ताम्रपाषाणयुगाचे थर मिळाले आहेत. वरवरच्या खापऱ्या उचलून नेल्या की पुढच्या उत्खननाला दिशा उरत नाही.

मजकूर लिहिताना कागदाची नोंद, पाहिलेली गोष्ट आणि ऐकलेली गोष्ट वेगळी दिसू द्या. ऐकलेल्या गोष्टीपुढे सांगणाऱ्याचं वय लिहा. नाव त्याची परवानगी असेल तरच. मोडी कागद सापडले तर ते न दुमडता सुती कापडात ठेवा आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात वाचून मिळतील का ते विचारा. तयार मजकुराची एक प्रत पाड्याच्या शाळेत ठेवा आणि छापण्याआधी पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवा. नाल्यांची नावं आणि नाती तिथेच दुरुस्त होतात.