‘क्वाइट’ कुठे ‘बऱ्यापैकी’ आणि कुठे ‘अगदी’? ओळखायचं कसं, वापरायचं कसं

लातूर-नांदेडकडे इंग्रजीच्या शिकवणीला येणाऱ्या बऱ्याच पोरांनी ‘क्वाइट’चा एकच अर्थ पाठ केलेला असतो: ‘बराच’. मग ‘यू आर क्वाइट राइट’ आलं की ‘तू बराच बरोबर आहेस’ असं भाषांतर होतं आणि वाक्याचा जीवच जातो. ‘तुझं अगदी बरोबर आहे’ असं बोलणाऱ्याला म्हणायचं असतं. याच्या उलटही घडतं. लंडनचा पाहुणा ‘द फूड वॉज क्वाइट गुड’ म्हणतो आणि यजमान हरखून जातो. पाहुण्याच्या मनात मात्र ‘जेवण बऱ्यापैकी होतं’ एवढंच असू शकतं. शब्द रोजच्या वापरातला आहे, म्हणून तो एकदा नीट समजून घेतलाच पाहिजे.

आधी पुढचा शब्द बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. क्वाइटच्या पुढे जे विशेषण आलंय, ते कमी-जास्त होऊ शकतं का, एवढंच स्वतःला विचारा. चहा जरा गरम असतो, जास्त गरम असतो, फार गरम असतो. महाग, मोठा, चांगला, अवघड हे सगळे याच जातीचे शब्द. यांच्या आधी ब्रिटिश माणसाचा क्वाइट आला की अर्थ ‘बऱ्यापैकी’. ‘द पेपर वॉज क्वाइट डिफिकल्ट’ म्हणजे पेपर बऱ्यापैकी अवघड होता.

दुसऱ्या जातीचे शब्द म्हणजे इम्पॉसिबल, राइट, राँग, सर्टन, परफेक्ट. एखादी गोष्ट अशक्य असते किंवा नसते, तिच्यात पायऱ्या नाहीत. इथे क्वाइट म्हणजे अगदी, पार, साफ. ‘दॅट इज क्वाइट इम्पॉसिबल’ याचं खरं मराठी ‘ते साफ अशक्य आहे’.

शब्द कुठल्या जातीचा ते कळत नसेल तर क्वाइट काढून तिथे ‘व्हेरी’ ठेवून बघा. ‘व्हेरी हॉट’ सहज चालतं, ‘व्हेरी इम्पॉसिबल’ कानाला खटकतं. चाललं तर ‘बऱ्यापैकी’, खटकलं तर ‘अगदी’. या कसोटीला दोन ठळक अपवाद आहेत, ते मात्र पाठच करा: ‘क्वाइट डिफरंट’ आणि ‘क्वाइट शुअर’. यांच्या आधी व्हेरी चालतं, तरी क्वाइटचा अर्थ बहुधा ‘अगदी’च असतो. अजिंठ्याची सगळी लेणी बौद्ध आणि चित्रांसाठी नावाजलेली, तर वेरुळात बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगरात कोरलेली. म्हणून वेरूळचा वाटाड्या ‘अजिंठा इज क्वाइट डिफरंट’ म्हणतो तेव्हा त्याला ‘अगदी वेगळं’ म्हणायचं असतं.

मग बोलणारा कुठला ते बघा

अमेरिकी माणसाचा ‘क्वाइट गुड’ सहसा ‘खूप छान’कडे झुकतो. ब्रिटिशाचा तोच शब्द ‘ठीकठाक’पाशी थांबू शकतो. त्यातही ब्रिटिश माणसाने जोर कशावर दिला ते ऐका. ‘क्वाइट’वर जोर दिला तर स्तुती उतरते, ‘गुड’वर दिला तर चढते. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘औंदा पाऊस कसाय?’ याला ‘बराय’ असं उत्तर आलं, तर पाऊस बरा झाला की कसाबसा झाला, ते आपणही सुरावरूनच ओळखतो.

कागदावर सूर ऐकू येत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की परदेशातल्या कोणाला मेल लिहिताना मनापासून कौतुक करायचं असेल तर क्वाइट टाळा आणि ‘व्हेरी गुड’ किंवा ‘रिअली गुड’ लिहा.

क्रियापदाआधी

इथेही तेच दोन अर्थ. ‘आय क्वाइट लाइक इट’ म्हणजे मला ते बऱ्यापैकी आवडतं. ‘आय क्वाइट अग्री’ म्हणजे मी पूर्ण सहमत आहे.

‘नॉट क्वाइट’ शिकून घ्याच

नकारात गोंधळ संपतो, कारण ब्रिटिश आणि अमेरिकी दोघांचा अर्थ एकच: पुरतं नाही, थोडं राहिलंय. ‘द रोड इज नॉट क्वाइट रेडी’ म्हणजे रस्ता होत आलाय, पण अजून पुरता झालेला नाही. मुलाखतीत तर याचा फार उपयोग. प्रश्न समजला नाही तर ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ असं तुटक बोलण्यापेक्षा ‘आय डोन्ट क्वाइट अंडरस्टँड’ म्हणा. ‘नीटसं कळलं नाही’ यातला नरमपणा त्यात आपोआप येतो.

‘अ’ कुठे ठेवायचा

‘व्हेरी’ असेल तर ‘अ’ आधी: ‘अ व्हेरी लाँग जर्नी’. ‘क्वाइट’ असेल तर ‘अ’ नंतर: ‘क्वाइट अ लाँग जर्नी’. क्वाइटच्या आधी ‘अ’ ठेवलेलाही कधीमधी दिसतो, पण रोजची, सुरक्षित रचना हीच.

याच रचनेतला ‘क्वाइट अ फ्यू’ भल्याभल्यांना फसवतो. नुसत्या ‘फ्यू’चा अर्थ फार थोडे, जवळजवळ नाहीतच. त्याच्या आधी ‘क्वाइट अ’ आलं की अर्थ थेट उलटतो आणि ‘बरेच’ होतो. उन्हाळ्यात ‘क्वाइट अ फ्यू व्हिलेजेस डिपेंड ऑन टँकर्स’ असं वाचलं तर बरीच गावं टँकरवर आहेत असं समजा. ‘थोडी गावं’ असं भाषांतर केलं तर बातमीच खोटी ठरेल.

तुलनेच्या रूपाआधी क्वाइट लावू नका. ‘क्वाइट चीपर’ होत नाही, ‘मच चीपर’ किंवा ‘अ लिटल चीपर’ म्हणा. आजारातून पूर्ण बरं झालेल्या माणसाबद्दल ब्रिटिश लोक ‘क्वाइट बेटर’ म्हणतात, तेवढं सोडून.

स्पेलिंग

क्यू-यू-आय-टी-ई म्हणजे आपला क्वाइट. क्यू-यू-आय-ई-टी म्हणजे क्वायेट, शांत. शेवटचा ‘ई’ गाळला की क्विट, सोडून देणे. तिघांचं मूळ एकच, लॅटिनमधला शांत किंवा निवांत या अर्थाचा शब्द. तो फ्रेंचमधून ‘मोकळा, सुटलेला’ असा होत इंग्रजीत आला. तिथे क्वाइटचा ‘पूर्णपणे’ हा अर्थ जुना. ‘बऱ्यापैकी’ हा त्या मानाने अलीकडचा, एकोणिसाव्या शतकात रुळलेला.

सराव जोड्यांनी करा, म्हणजे फरक कानात बसतो. ‘क्वाइट टायर्ड’ म्हणजे बऱ्यापैकी दमलेला, ‘क्वाइट एक्झॉस्टेड’ म्हणजे पार गळून गेलेला. ‘क्वाइट कोल्ड’ म्हणजे बऱ्यापैकी गार. आता ‘क्वाइट फ्रोझन’ला व्हेरीची कसोटी लावा आणि उत्तर तुमचं तुम्हीच काढा.