क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लाम: गोळी घ्यायच्या आधी स्ट्रिप उलटी करून बघा

मेडिकलमधून तापाची गोळी आणली की आधी स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायची. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल ही नावं वेगळी पण आत सगळ्यांच्यात पॅरासिटामॉलच, आणि कॉम्बिफ्लामच्या गोळीत आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ अधिक पॅरासिटामॉल ३२५. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच असतं. म्हणजे सकाळी डोलो, दुपारी सर्दीची गोळी, रात्री कॉम्बिफ्लाम घेणाऱ्याला वाटतं तीन वेगळी औषधं झाली, प्रत्यक्षात लिव्हर दिवसभर पॅरासिटामॉलच निस्तरत बसतं.

आता ही गोळी करते काय? इन्फेक्शन झालं की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात, ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला सांगतात की तापमान वाढव. समजा त्याने १०२ ठरवलं आणि अंग अजून १०० ला आहे, तर त्याच्या हिशोबाने आपण गारच, म्हणून हुडहुडी भरते आणि दोन गोधड्या घेऊनही थंडी जात नाही. गोळी कॉक्स नावाच्या एन्झाइमला अडवते, प्रोस्टाग्लँडिन कमी बनतं, मेंदू आकडा खाली आणतो आणि जास्तीची उष्णता बाहेर टाकायला दरदरून घाम फुटतो. अर्धा-पाऊण तास लागतोच, लगेच दुसरी गोळी घेऊ नका. आणि ताप उतरला म्हणजे इन्फेक्शन गेलं असं अजिबात नाही.

दुखण्याचंही तसंच, हीच रसायनं नसांची टोकं हळवी करतात. ॲस्पिरिन १८९९ पासून विकली जात होती पण ती अशी काम करते हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ ला दाखवलं, १९८२ च्या त्यांच्या नोबेलमागे हेही एक काम होतं (लोक तोवर गपगुमान खातच होते!).

पॅरासिटामॉलचा जोर मुख्यतः मेंदूत, सुजेवर फारसा नाही. पाय मुरगळून सुजला तर आयबुप्रोफेन जास्त उपयोगी, पण पोटाच्या अस्तराला सांभाळणारं प्रोस्टाग्लँडिनही ते कमी करतं म्हणून काहीतरी खाऊनच घ्या. अल्सर, किडनीचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते १००० मिग्रॅ, मधे चार ते सहा तास, २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, रोज पिणाऱ्यांनी किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांनी त्याहून कमी, किती ते डॉक्टरच सांगतील. लहान मुलांना वजनावर, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. इथे घोळ होतो तो ड्रॉप्स आणि सिरपचा: ड्रॉप्सच्या एका मिलीत बहुतेक १०० मिग्रॅ, सिरपच्या पाच मिलीत १२५ किंवा २५०. चमच्याने ड्रॉप्स पाजले तर डोस कुठच्या कुठे जातो. मुलांना तापात ॲस्पिरिन तर देऊच नका.

पावसाळ्यात अंग ठणकतंय, डोळ्यांमागे दुखतंय, डेंग्यूची शंका आहे, तर फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन (म्हणजे आयबुप्रोफेन), कॉम्बिफ्लाम, डिस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिन) बंद, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात खूप दुखायला लागलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर ताप उतरलेला असला तरी थेट हॉस्पिटल.